मिनी हमबकर काढून मोठे बसवण्यासाठी गिटार कोरून घेऊ का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल डिलक्सच्या धर्तीची एक सेकंड हँड गिटार तुम्ही घेतलीये, दोन मिनी हमबकर (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, दोन कॉइलचे छोटे पिकअप) असलेली. ब्रिजकडच्या पिकअपचा आवाज पातळ आणि कानाला टोचणारा येतो, नेककडच्या (दांड्याकडच्या) पिकअपचा गढूळ येतो, डिस्टॉर्शन वाढवलं की शिट्टी वाजायला लागते, आणि बँडमधल्या दुसऱ्या मुलाच्या मोठ्या हमबकरवाल्या गिटारीपुढे तुमची दबते. ओळखीच्या एका कारागिराने सांगितलंय की शनिवारी आणून द्या, लाकूड कोरून मोठे हमबकर बसवून देतो. आणि तुम्ही विचारताय, द्यावं का.

शनिवारी गिटार नेऊ नका. निदान आणखी दोन आठवडे तरी नाही. मी वीस-बावीस वर्षं गिटार दुरुस्तीचं काम करतोय आणि तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी एकही तक्रार लाकडामुळे आलेली नाहीये. ब्रिजचा टोचरेपणा वेगळा, नेकचा गढूळपणा वेगळा, शिट्टी तर पूर्णच वेगळी भानगड, आणि ‘दबते’ हे बहुतेक ॲम्पच्या सेटिंगमुळे. चारही गोष्टी एकत्र ऐकू येतात म्हणून असं वाटतं की पिकअपच टाकाऊ आहेत.

हा पिकअप आला कुठून ते आधी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या गिटारीत लाकडाखाली काय आहे ते त्यावरूनच कळतं. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने एपिफोन ही दुसरी गिटार कंपनी विकत घेतली. तोपर्यंत एपिफोनच्या गिटारींवर त्यांचे स्वतःचे छोट्या आकाराचे पिकअप असायचे. त्याच वर्षी गिब्सनचा मोठा हमबकर बाजारात आला, त्यांच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने केलेला, ज्यात दोन कॉइल उलट्या गुंडाळून आणि चुंबकाची दिशाही उलटी ठेवून मेन्सचा हम (विजेची गुणगुण) कापला जातो. मग हेच तत्त्व एपिफोनच्या छोट्या मापात बसवलं गेलं आणि साठच्या दशकात शेरॅटन, क्रेस्टवुड अशा गिटारींवर मिनी हमबकर दिसायला लागले. पुढे १९६९ मध्ये गिब्सनने लेस पॉल डिलक्स काढली. तिच्यात लाकडातला खाचा पी-९० चाच (गिब्सनचा जुना, एकाच कॉइलचा पिकअप) ठेवला आणि पी-९० च्या कव्हरला मधे चौकोन कापून त्यात मिनी हमबकर बसवला. म्हणजे एकही जादा लाकूड न काढता सिंगल कॉइलच्या खाचात हमबकर गेला. तुम्ही टाकलेल्या फोटोत ती क्रीम रंगाची जाड रिंग दिसतेय ना, ती त्याचीच नक्कल. पट्टी लावून बाहेरून मोजा. साधारण ८५ बाय ४५ मिलिमीटर भरली तर खाली पी-९० चा खाचा असणार, आणि तसं असेल तर तुमच्यापुढे कोरण्यापेक्षा बरेच चांगले रस्ते आहेत, ते पुढे सांगतो.

आणि तुम्ही जे करायला निघालात ते याआधी खूप लोकांनी केलंय बरं का. सत्तरच्या दशकात हार्ड रॉक जोरात होतं, सगळ्यांना मोठे हमबकर हवे होते, त्यामुळे कितीतरी अस्सल डिलक्स गिटारी तेव्हा पटाशी आणि राउटर लावून कोरल्या गेल्या. आज त्यातल्या न कोरलेल्या गिटारी लोक शोधत फिरतात आणि कोरलेलीची किंमत सरळ खाली येते. त्याच काळात द हू बँडचा पीट टाउनशेंड स्टेजवर नंबर चिकटवलेल्या डिलक्स वाजवत होता, थिन लिझी बँडचा स्कॉट गोरहॅम डिलक्स वाजवत होता. या दोघांच्या गिटारींना कुणी पातळ म्हणत नाही.

माझीही एक गोष्ट सांगतो, कारण ती अजून मनात आहे. दुकान सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील, एक कॉलेजचा मुलगा अशीच गिटार घेऊन आला आणि म्हणाला कोरून द्या. मी एकदाही ती ॲम्पला लावून ऐकली नाही. टेम्प्लेट लावला, राउटर चालवला, दुपारी चारपर्यंत काम संपलं, भुसा झाडला, मोठे हमबकर बसवले, तो खूश होऊन गेला. सहा-सात महिन्यांनी परत आला. म्हणाला की जाड आवाज मिळाला पण आता कॉर्डमधला एकेक सूर वेगळा ऐकू येत नाही, जुने पिकअप परत बसवता येतील का. जुने पिकअप त्याच्याकडे होते, पण ते धरायला कडेचं लाकूडच उरलं नव्हतं. मग महोगनीचा तुकडा कापून, सरसाने चिकटवून, घासून पुन्हा खाचा केला. बाहेरून रिंगखाली झाकलं गेलं म्हणून दिसलं नाही, पण मला ते दिसत राहिलं. त्या दिवसापासून कोरायला आलेली प्रत्येक गिटार मी आधी अर्धा तास वाजवून घेतो.

आता मिनी हमबकर असा का वाजतो ते. मोठ्या हमबकरचं कव्हर साधारण ७० बाय ३८ मिलिमीटर असतं, मिनीचं साधारण ६७ बाय २९. लांबी जवळपास तीच, रुंदी कमी. म्हणजे तारेचा जो तुकडा पिकअप ‘ऐकतो’ तो तुकडा आखूड होतो. रुंद पिकअपमध्ये दोन कॉइल लांब लांब असल्यामुळे तारेच्या काही वरच्या हार्मोनिक्स एकमेकांना मारतात, मिनीत त्या कमी मरतात, म्हणून आवाज स्पष्ट आणि वरच्या बाजूला झुकलेला येतो. शिवाय कॉइल अरुंद, त्यामुळे इंडक्टन्स कमी, त्यामुळे पिकअपचा रेझोनन्स, म्हणजे ज्या पट्टीतले सूर तो सगळ्यात ठळक उचलतो ती जागा, वर सरकतो. आत बघितलंत तर एका कॉइलमध्ये सहा फिरवता येणारे स्क्रू असतात, दुसऱ्या कॉइलमध्ये लोखंडाची एक सलग पट्टी, आणि दोन्हीच्या खाली एकच चुंबक. हम मात्र तो मोठ्यासारखाच कापतो. हे वाचून तुमच्या लक्षात येईल की मोठ्या हमबकरला शोभेल असं ट्रेबल ७-८ वर ठेवलेलं ॲम्प मिनीला लावलं तर ते टोचणारच. ट्रेबल ४-५ वर आणा, मिड्स ६-७ वर न्या आणि मग बँडसोबत ऐका. घरी एकट्याने ऐकलेला आवाज आणि ड्रम-बाससोबतचा आवाज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि ‘दबणं’ बहुतेक वेळा मिड्स खाली ठेवल्यामुळे होतं.

आता हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पिकअप तारांपासून किती उंचीवर आहे हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि यात खर्च शून्य. तीन-चार जुनी एटीएम कार्डं शोधा, कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, आकडे उठावाचे असतील तर सपाट भाग वापरा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या स्क्रूच्या डोक्यापर्यंत किती जागा आहे ते बघायचं. ब्रिजला दोन कार्डं अलगद जावीत, म्हणजे दीड मिलिमीटर. नेकला तीन ते चार, म्हणजे सव्वादोन ते तीन. सेकंड हँड गिटारीत मला नेहमी उलटं दिसतं, ‘जास्त आवाज’ म्हणून आधीच्या मालकाने नेकचा पिकअप अगदी तारांना चिकटवलेला असतो. पण नेककडे तार जास्त रुंद हलते, तिथे पिकअप तेवढाच जवळ असेल तर तो ब्रिजपेक्षा खूप मोठा वाजतो, ॲम्पचं पहिलं स्टेज तिथेच फाटतं, आणि आपण म्हणतो आवाज गढूळ आहे. म्हणून नेक खाली घ्या, खर्जाची बाजू जरा आणखी खाली.

उंची झाली की सहा छोटे स्क्रू. आधी सगळे कव्हरच्या पातळीला आणा. मग नेकवर गढूळपणा अजून असेल तर पूर्ण पिकअप आणखी अर्धा मिलिमीटर खाली घ्या आणि स्क्रू तेवढेच वर काढा, म्हणजे स्क्रूवाली कॉइल तारेजवळ येते, पट्टीवाली लांब जाते, आवाज उघडतो. ही युक्ती मोठ्या हमबकरवरही चालते पण मिनीवर जास्त ऐकू येते. तिसरी तार साधी असेल, म्हणजे गुंडाळलेली नसेल, तर ती बाकीच्यांपेक्षा उडून येते, तिचा स्क्रू जरा खाली. एका वेळी अर्धाच फेरा, मग वाजवून बघा, मग पुढचा. घाई केली की कुठून सुरू केलं तेच विसरायला होतं, मी कागदावर लिहून ठेवतो.

एवढ्याने निम्म्याहून जास्त गिटारींचं काम होतं असा माझा अनुभव आहे. नाही झालं तर मल्टिमीटर. गिटार उघडायचीही गरज नाही, जॅकमध्ये केबल लावा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे, टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) ब्रिजवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्ह (प्लगचं टोक आणि बाहेरचा दांडा) यांच्यात रेझिस्टन्स मोजा, मग टॉगल नेकवर टाकून पुन्हा. मिनी हमबकर साधारण ६ ते ७ किलोओहमच्या आसपास येतो. तो आकडा तिथेच असेल तर ठीक. जवळपास निम्मा आला आणि गिटारीत हमही येत असेल तर एक कॉइल शॉर्ट आहे किंवा कुणीतरी वायरिंग बदललंय. आकडा एकदम शेकड्यात गेला, २५० किंवा ५०० च्या आसपास, तर पिकअप तुटलाय, मीटरला फक्त व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) दिसतोय. आणि एक सांगतो, आकडा कमी म्हणजे पिकअप कमजोर असं समजू नका. वायरची जाडी आणि कॉइलचा आकार बदलला की आकडा बदलतो, मिनीच्या कॉइलचा प्रत्येक वेढा आखूड असतो त्यामुळे तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स कमीच येणार. ऑनलाइन लोक किलोओहमवरून जी भांडणं करतात त्यात पडू नका.

दोन्ही पिकअप एकत्र लावून बघा, मधली पोझिशन. ती ब्रिजपेक्षाही पातळ, नाकातून आल्यासारखी वाजत असेल आणि आवाज कमी होत असेल तर दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. हे तुम्ही लिहिलेलं नाहीये, पण सेकंड हँडमध्ये सापडतं. अशा वेळी एका पिकअपच्या दोन वायर उलट्या जोडायच्या असतात, पण त्याची केबल जुन्या पद्धतीची जाळीवाली असेल, आत एकच वायर आणि बाहेर जाळी, तर ते तसं करता येत नाही, कारण जाळी कव्हरला जोडलेली असते आणि कव्हर ‘गरम’ होईल, म्हणजे सिग्नलच कव्हरवर येईल. तेव्हा चुंबक फिरवावा लागतो, ते कारागिराचं काम, घरी नको.

टोचरेपणा तरीही उरला तर पॉट. मागचं झाकण काढा आणि पॉटवर काय लिहिलंय बघा. मिनीला ५०० किलोओहमचे पॉट असणं नेहमीचं, पण तुमच्या कानाला ते जास्त उजेड वाटत असेल तर पॉट बदलायच्या आधी एक रेझिस्टर लावून बघा. व्हॉल्यूम पॉटच्या ज्या पायाला पिकअपची वायर येते तिथून ग्राउंडच्या पायापर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर सोल्डर केला की ५०० चा पॉट पिकअपला साधारण ३३० सारखा वाटतो. ४७० किलोओहमचा लावला तर २५० च्या जवळ. दोन-चार रुपयांची वस्तू आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर मुठीने मिळते, तुमच्या गावच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेही असेल. आवडलं नाही तर काढून टाका, मागे काहीच राहत नाही. केबलही बघा. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स धरा, तीन मीटरऐवजी सहा मीटरची केबल लावली की रेझोनन्स खाली येतो आणि तोच ब्रिज गोड वाटायला लागतो. इथे नक्की किती हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुमच्या ॲम्पवर, पेडल्सवर आणि कानावर आहे. पहिल्याच पेडलला बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) असेल तर त्या पेडलपासून ॲम्पपर्यंतच्या केबलचा काहीच परिणाम होणार नाही.

शिट्टीकडे येऊ. आधी ओळखा की ती तारेची आहे की पिकअपची. डिस्टॉर्शन लावून, शिट्टी येईल त्या जागी उभे राहून, तळहाताने सगळ्या तारा घट्ट दाबा. बंद झाली तर तो साधा फीडबॅक, ॲम्पपासून लांब सरका, गेन कमी करा. दाबल्यावरही चालू राहिली, वरच्या पट्टीतली बारीक किंकाळी, तर पिकअप मायक्रोफोनिक आहे. खात्री करायला नखाने कव्हरवर टकटक करा, माइकवर टकटक केल्यासारखी स्पीकरमधून आली की समजा आतलं काहीतरी सैल आहे, कॉइल किंवा कव्हर. यावर उपाय मेणाचा. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण मिसळून, पातेल्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं असं दुहेरी ठेवून, थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंशांवर वितळवायचं, त्यात पिकअप बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा. ६५ च्या वर गेलात तर आतले प्लास्टिकचे बॉबिन वाकतात, आणि थेट ज्योतीवर मेण ठेवलंत तर पेट घेतं, म्हणून हे पहिल्यांदा करत असाल तर करू नका, दुकानात द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि कोरण्यापेक्षा खूप स्वस्त. मी मागच्या पावसाळ्यात एक असाच मिनी मेणातून काढला, कव्हरखालून वाटाण्याएवढा बुडबुडा बाहेर आला आणि त्यासोबत आधीच्या कुणीतरी भरलेला फोमचा तुकडा. तेवढ्यावर शिट्टी थांबली.

हमबकर असूनही खरखर किंवा बझ येत असेल तर तो पिकअपचा दोष समजू नका. दोन कॉइल जे कापतात ते फक्त कॉइलमध्ये शिरलेलं चुंबकीय हम. पोकळीत शिल्डिंग नसेल किंवा कुठे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) असेल तर तो बझ तसाच येतो. तारांना हात लावल्यावर बझ कमी होतो ही चांगली खूण आहे, म्हणजे ब्रिजचं ग्राउंड शाबूत आहे. पण मंडपात, जनरेटरवर वाजवताना गिटारीच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये झटका बसला तर लगेच थांबा, गिटार खाली ठेवा आणि अर्थिंग बघून घ्या. हे ऐकायला सोपं वाटतं पण जिवावर बेततं.

समजा हे सगळं केलं आणि तरीही तुम्हाला जाडच आवाज हवाय, ड्रॉप ट्यूनिंगमध्ये (तार नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावून) वाजवता, बँड मेटल करतो. तर तुमचं चूक नाहीये, प्रत्येक संगीताला प्रत्येक पिकअप चालत नाही. तरी लाकूड सोडा. खाली पी-९० चा खाचा निघाला तर पी-९० च्याच मापात केलेले हमबकर मिळतात, ते सरळ बसतात. अस्सल पी-९० सुद्धा बसतो, तो मिनीपेक्षा जाड आणि रांगडा, फक्त हम परत येईल. आणि मिनीच्याच मापात जास्त वेढ्यांचे, सिरॅमिक चुंबकाचे पिकअपही आहेत. खाचा घट्ट असेल, नुसता मिनीपुरता कापलेला, तर हा शेवटचा पर्याय तुमचा.

ऑनलाइन मागवताना एका गोष्टीत खूप जण फसतात. ‘मिनी हमबकर’ नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात. एक हा आपला, सहा स्क्रू आणि पट्टीवाला. दुसरा फायरबर्डचा, १९६३ च्या गिब्सन फायरबर्डवर आलेला, बाहेरून त्याच मापाचा पण कव्हर सपाट, स्क्रू नाहीत, आत प्रत्येक कॉइलच्या मधोमध उभा चुंबक. त्याचा आवाज आणखी उघडा आणि धारदार, फायरबर्ड वाजवणारा जॉनी विंटर आठवून बघा. टोचतंय म्हणून तुम्ही बदलायला निघालात आणि हा आला तर पैसे वाया. तिसरा स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलच्या खाचात बसणारा, दोन पट्ट्यांचा अरुंद हमबकर, तो तुमच्या रिंगमध्ये बसणारच नाही. त्यामुळे फोटो बघून नाही, ६७ बाय २९ हे माप विचारून ऑर्डर द्या आणि वायर दोनची आहे की चारची तेही विचारा. चारची असेल तर पुढे फेज उलटवायला सोपं जातं. कॉइल स्प्लिटसाठी मात्र चारची घेऊ नका, मिनीची एकच कॉइल फार बारीक वाजते, मी कधीच कुणाला सुचवत नाही. आणि कव्हर पितळेचं असेल तर वरचे सूर काहीसे बुजतात, निकेल सिल्व्हरचं जास्त मोकळं. तुमच्या टोचऱ्या ब्रिजला कदाचित पितळेचं बरंच वाटेल, हे उलटं आहे पण खरं आहे.

तर क्रम असा धरा, आधी ॲम्पचं ट्रेबल-मिड, मग उंची, मग सहा स्क्रू, मग मीटर, मग रेझिस्टर. शिट्टीची टकटक चाचणी यातल्या कुठल्याही दिवशी करता येईल. प्रत्येक पायरीनंतर निदान एक रियाज बँडसोबत करा, एका संध्याकाळी सगळं बदलून बसू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

आणि मला इथे चार गोष्टी लिहून पाठवा: क्रीम रिंगचं बाहेरचं माप, दोन्ही पिकअपचे मीटरवरचे आकडे, पॉटवर छापलेली किंमत, आणि तारा दाबल्यावर शिट्टी थांबते की नाही. मागचं झाकण उघडल्यावरचा एक फोटोही टाका, फ्लॅश न मारता, सोल्डरचे डाग दिसतील असा. त्यावरून पुढचं सांगतो, आणि कारागिराला तोपर्यंत फोन करून कळवा की शनिवारी येत नाही.